गनी सोलकरची चार मिनिटं

गनी सोलकर तेवीस सिनेमांत काम करून तेवीस वेळा मेला. अकरा वेळा घोड्यावरून पडून, सहा वेळा दारूच्या गुत्त्यात गोळी खाऊन, एकदा फासावर, एकदा बग्गीच्या चाकाशी. उरलेल्या वेळी तो नक्की कसा मेला हे दिग्दर्शकालाही सांगता आलं नसतं. मध्यंतरानंतर तो दिसायचा बंद व्हायचा, एवढंच. हे सगळं मुंबईत, १९६३ ते १९७५ या बारा वर्षांत. पुढची वीस वर्षं तो बहरीनला होता आणि तिथे त्याने याबद्दल कुणाकडे एक अक्षर काढलं असेल तर शपथ.

ते सिनेमे आज कुणाला आठवत नाहीत आणि त्यात कुणाचं फारसं बिघडलेलंही नाही. इंग्रजी काऊबॉय सिनेमे बघून आपल्या लोकांनी काढलेली ती आवृत्ती होती. रुंद काठाच्या टोप्या, कमरेला दोन-दोन पिस्तुलं, प्लायवुडची एक गल्ली, गल्लीत एका अंगाला गुत्ता नि दुसऱ्या अंगाला न्हावी. पाठीमागे मात्र आपला सह्याद्री उभा, आणि तो काही केल्या अमेरिकेतला वाटायचा नाही. अशा गल्लीत गुत्तेवाला, तारवाला, थडगी खणणारा, घोड्यांना नाल ठोकणारा अशी माणसं लागतात. हिरो बदलत राहायचे; ही माणसं मात्र फिरून फिरून गनीच करायचा.

दाभोळ खाडीकाठच्या गावातून तो मुंबईत आला तो मामाकडे, व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांना खरारा करायला. सिनेमावाले मामाचे घोडे भाड्याने न्यायचे आणि घोड्यांबरोबर गनी जायचा. एके दिवशी स्वार आला नाही, घोडा दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू देईना, म्हणून गनीला टोपी घालून वर बसवलं. दुपारी तो पहिल्यांदा मेला आणि संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हे आवडलं. त्यानंतर तो सुट्टीच्या दिवशी इंग्रजी मॅटिनीला जाऊन बसू लागला. भाषेचा गंध नव्हता, पण त्याला हिरोचं बोलणं ऐकायचंच नसायचं. कोपऱ्यातला न्हावी वस्तरा कसा पुसतो, तारवाला वाईट बातमी हातात आली की चष्मा कसा काढतो, ते तो बघायचा. घरी येऊन आरशासमोर तेच करायचा. वयाच्या तिशीत तो दाढी लावून साठीचा दिसू लागला आणि सिनेमावाल्यांच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ असं लिहिलं गेलं. गुणी होता तो, हे आपण मान्य करूनच पुढे जाऊ.

गावात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. गनीचा बाप हुसेन हा समुद्रात मचवा नेणारा तांडेल. शब्दाचा कडक, नमाजाला पक्का, आणि चेहऱ्याचं चित्र काढणं हराम मानणारा. आयुष्यात त्याने स्वतःचा एक फोटो काढू दिला नाही. त्याने गावच्या माणसाकडून निरोप धाडला, की तोंडाला रंग फासून पोट भरणाऱ्याने माझ्या उंबऱ्याला पाय लावू नये. गनीही त्याच बापाचा. त्याने पाय लावला नाही. १९६५ च्या पावसाळ्यात हुसेन तापाने गेला, त्रेपन्न वर्षांचा होऊन. गनी पोचला तो तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला. माती केव्हाच देऊन झाली होती.

ती चार मिनिटं त्यानंतर सात वर्षांनी आली. सिनेमा नेहमीचाच, पण त्यात एक म्हातारा बग्गीवाला होता. डाकू त्याला अडवतात, बग्गीतली माणसं कुठल्या वाटेने गेली ते विचारतात. तो सांगत नाही. मग ते त्याला मारतात. बस. दिग्दर्शक नवा, जरा डोक्याने चालणारा होता. तो म्हणाला, गनी, नेहमीचा म्हातारा नको, तुझ्या ओळखीतला एखादा माणूस कर.

गनीने बाप केला. पाय फाकवून, जमीन हलतेय असं धरून टाकलेली पावलं. सुकाणू दाबून दाबून खाली गेलेला उजवा खांदा. काही बोलायच्या आधी मांडीवर तळवा घासून दोनदा खाकरायची खोड. आवाजही तोच, खालच्या पट्टीतला, समोरच्याचा अंदाज घेत निघणारा. डाकूंच्या पिस्तुलासमोर तो म्हातारा चार मिनिटं बोलतो, वाट सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल बोलतो. एका दमात शॉट झाला. कट म्हटल्यावर दिवेवाले हललेसुद्धा नाहीत. गनी उठला, घोड्याच्या आडोशाला गेला आणि बापाच्या मरणाला जे रडू आलं नव्हतं ते तिथे रडला. बाकी सिनेमा मुंबईत दोन आठवड्यांत उतरला आणि तालुक्यातालुक्याच्या थेटरांत फिरत नाहीसा झाला.

१९७५ मध्ये जुबैदाशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिचा भाऊ इलियास याने एकच अट घातली: हे धंदे बंद. गनीला सदतिसावं लागलं होतं, मरून मरून तो कंटाळलाही होता. त्याने कानाला खडा लावला. पुढच्या वर्षी इलियासनेच त्याला बहरीनला नेलं. आधी गोदामात क्लार्क, आणि मग १९८२ मध्ये इलियासने मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, व्हिडिओ लायब्ररी काढली तेव्हा तिथे. जुबैदा चांगली निघाली, सुहासारखी मुलगी झाली, संसार सुरळीत चालला. सिनेमाचा विषय घरात कधी निघाला नाही. लायब्ररी चालवणाऱ्याच्या घरात सिनेमाचा विषय न निघणं हे जरा अवघडच, पण दोघांनी ते जमवलं होतं.

आता त्या लायब्ररीतली कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बाहेरून सिनेमाची एक मूळ कॅसेट यायची. तिला म्हणायचे मास्टर. तिच्यावरून भिंतीशी ओळीने लावलेल्या सहा मशिनांवर एकदम सहा कॉप्या निघायच्या. तीन तासांच्या कॅसेटवर तीन तासांचा सिनेमा कसाबसा बसायचा, आणि मध्ये मध्ये सोनाराच्या, कार्गोवाल्याच्या, बासमती तांदळाच्या जाहिराती तर घालायच्याच. मग सिनेमातलं काहीतरी कापावं लागे. दुसऱ्या दुकानांतले लोक डोळे मिटून कापायचे. हिरोने दार उघडलं की पलीकडे थेट लग्नच लागलेलं दिसायचं. गनी कापायचा ते कुठे कापलं हे कुणाला सापडायचं नाही. जिदहफ्सपासून मुहर्रकपर्यंतचे लायब्ररीवाले त्याच्याकडून मास्टर घेऊन जायचे. इलियासला या गोष्टीचा मोठा अभिमान होता.

त्याचे स्वतःचे सिनेमे आले की गनी आधी स्वतःला कापायचा. कुणाला कळणार? गुत्तेवाला नसला तरी सिनेमा अडत नाही. १९८४ मध्ये एका बंद पडलेल्या लायब्ररीच्या मालातून तो बग्गीचा सिनेमा आला. गनीने तो दुकान उघडायच्या आधी एकट्याने लावला, चार मिनिटं पाहिली, मागे नेऊन पुन्हा पाहिली. ही ठेवायची असं त्याने ठरवलंही होतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या गावचा अलीमियाँ दुकानात आला आणि सहज बोलून गेला, की मी ऐकलं तू मुंबईत कायतरी फिलमीत होतास. असली तर दे, सुट्टीवर जाताना गावात नेतो, तुझ्या आईला दाखवतो.

आई गावात एकटी, पाच वेळा नमाज पढणारी. मुलगा बहरीनला ऑफिसात आहे असं चार घरांत सांगणारी. त्याने अलीमियाँला चहा पाजून वाटेला लावलं आणि तासाभरात चार मिनिटं उडवली. इतकी सफाईने, की बग्गी खडकाच्या वळणावर दिसते आणि पुढच्या क्षणी हिरो घोड्यावर टाच मारतो. कापलेली प्रत नवा मास्टर झाली. आणि जुन्या मास्टरवर दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे दुसरा सिनेमा चढवला गेला, कारण कॅसेट वाया घालवणं इलियासला खपत नसे. तो दुसरा सिनेमा कुठला होता हेही गनीला पुढे आठवेना.

आई बहरीनला आली ती १९९५ च्या डिसेंबरात, व्हिजिट व्हिसावर. शरीफुन्निसा तेव्हा पंचाहत्तरची. सुहाशी ती कोकणीत बोलायची, सुहा इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघींचं उत्तम चालायचं. पहिला आठवडा तिने घर बघण्यात घालवला. मग एका दुपारी जोहरची नमाज आटोपून ती खुर्चीवर बसली, जुबैदा आत भांडी लावतेय याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, “गनी, तुज्या दुकानात ती बग्गीवाली फिलीम हाय काय?”

कुठली फिलीम, असं काहीतरी गनी पुटपुटला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं हे त्या एका नजरेत त्याला कळलं.

मग तिने सावकाश सांगितलं. नवऱ्याचा एक फोटो घरात नाही. पहिली काही वर्षं डोळे मिटले की तो दिसायचा. आता दिसत नाही. आवाज तर कधीच गेला. “त्याची चाल तेवडी त्या फिलमीत हाय,” ती म्हणाली. “मना एकदा बगू दे. परत काय मी हितं येनार नाय.”

ती हे कुठून बोलतेय, तिने तो सिनेमा केव्हा पाहिला, हे विचारायचं गनीला सुचलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती: ती चार मिनिटं आपणच कापली. तो म्हणाला, शोधतो.

आणि खरोखर शोधलं. चाळीस दिवस. जिदहफ्सच्या लायब्ररीत गेला, मुहर्रकला गेला, बहरीनमधल्या कोकणी माणसांच्या ज्या ज्या घरात जुन्या कॅसेटी असतील तिथे तिथे गेला. सगळीकडे त्याचीच कॉपी. मुंबईला फोन लावले. निर्मात्याच्या ऑफिसच्या जागी आता टाइल्सचं दुकान होतं, आणि लॅबमधल्या माणसाने ते नाव दोनदा विचारून घेतलं आणि फोन ठेवला. आई रोज संध्याकाळी विचारायची नाही, नुसती तो दारातून आत आला की त्याच्या हाताकडे बघायची. ते त्याला जास्त लागायचं.

शेवटी विवेक पटवर्धन आठवला. हा पुण्याचा, मनामातल्या बँकेत अकाउंटंट, आणि जुन्या हिंदी सिनेमांचा वेडा. त्याच्याकडे घरभर कॅसेटी. तो दुसऱ्याच दिवशी आनंदाने दुकानात आला. ही बहरीनची नव्हे, गनीभाई, मी स्वतः मुंबईहून आणलीय, असं म्हणत त्याने कॅसेट पुढे केली. गनीने ती लगेच मशिनात घातली, पुढे पळवली. खडकाचं वळण आलं, बग्गी दिसली, आणि हिरोने घोड्याला टाच मारली. मध्ये मनामाच्या सोनाराची जाहिरातसुद्धा होती. कुणीतरी सुट्टीवर जाताना इथली कॉपी मुंबईला नेली असणार आणि तिथल्या कॉप्या तिच्यावरून निघाल्या असणार. गनीने कापला तोच आता सिनेमा होता.

विवेकला चेहरा बघून काहीतरी बिनसल्याचं कळलं. त्याने विचारलं, यात काही नाहीये का? गनी म्हणाला, चार मिनिटं नाहीत. विवेकने तो तुकडा पुन्हा लावून पाहिला.

“काही गेलंय असं वाटतच नाही हो,” तो कौतुकाने म्हणाला. “ज्याने कोणी कापलं, मोठा जाणकार माणूस होता.”

एवढी सरळ स्तुती गनीच्या कामाची आयुष्यात कुणी केली नव्हती. त्याने कॅसेट परत केली, विवेकचे आभार मानले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

व्हिसाचे चार दिवस उरले होते. असरच्या नमाजाच्या सुमाराला, दुपार कलल्यावर, तो घरी आला तेव्हा आई खजूर निवडून डब्यात भरत होती, गावाला न्यायला. जुबैदा तिच्या शेजारी. गनी समोर बसला. मांजरासारखं आडून आडून फिरण्यात आता अर्थ नव्हता.

“आये, ती चार मिनिटं दुनियेत कंच्याच कॅसेटीत नाय. मीच कापली.”

आईचे हात थांबले. “कोनासाठी?”

“तुज्यासाठी. गावात कोनी तुना काय बोलला असता म्हणून.”

जुबैदाने मान खाली घातली. मग आईने सांगायला सुरुवात केली. १९७३ मध्ये, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून, ती बुरखा घेऊन चिपळूणच्या थेटरात गेली होती. गावातल्या पोरांच्या बोलण्यात तिने ऐकलं होतं, की तांडेलाचा गनी पडद्यावर आलाय. मुलाला शिव्या घालायच्या तयारीनेच ती जाऊन बसली.

“पन तू चालायला लागलास,” ती म्हणाली, “आनि बाजूच्या बायला मी म्हटला, ह्यो माजा नवरा. तिना वाटला, बाई खुळी हाय.” तिला स्वतःलाच जरा हसू आलं. “तीनदा जाऊन आली मी. डोळ्याचा डॉक्टर म्हनजे तोच.”

बावीस वर्षं. मग कधी बोलली का नाहीस, एवढंच गनीने विचारलं.

तिने खजुराचा डबा बाजूला सारला. “बोलायला होवा होता,” ती म्हणाली. “चूक माजी हाय. त्याना तुना उंबरा बंद केला होता. तो गेल्यावर मी उघडला तर त्याचा शब्द मोडल्यासारखा झाला असता. म्हनून गप ऱ्हायली. तू लपवत होतास ता मी बगत होती, आनि मीपन लपवत होती.”

म्हणजे जिच्यासाठी कापलं तिनेच ते मनात जपून ठेवलं होतं, आणि ती एका ओळीचं पत्र टाकती तर तो मास्टर आज गनीच्या कपाटात असता. दोघांनी आपापल्या परीने त्या मेलेल्या माणसाचा मान राखला होता आणि दोघांनी मिळून तो पुसून टाकला होता. गनीला स्वतःचा असा संताप आला, की भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईसमोर ते करता येत नाही.

“तू केला होतास ना तो,” आई म्हणाली. “मग तुज्या अंगात असंल अजून. चालून दाखव.”

गनी उठला. सुहा कॉलेजातून आली होती; ती खांद्यावरची बॅग न काढता दारातच थांबली. जुबैदाने वीस वर्षांत नवऱ्याला अभिनय करताना पाहिलं नव्हतं. तिने पदर सावरला आणि सरळ बसली. बाल्कनीच्या दारापाशी जाऊन गनीने डोळे मिटले, उजवा खांदा खाली सोडला, मांडीवर तळवा घासला, दोनदा खाकरला. संवाद सगळा आठवत होता, अक्षर न् अक्षर. तो बोलत बोलत जेवणाच्या टेबलाकडे निघाला.

तिसऱ्या पावलालाच त्याला कळलं. पाय फाकत होते, पण ते डुलत्या मचव्यावरच्या माणसाचे नव्हते, गुडघे धरलेल्या माणसाचे होते. तेरा वर्षं मशिनांसमोर स्टुलावर वाकून बसल्याने पाठ पुढे आली होती, आणि एक खांदा खाली सोडावा तर दोन्ही खाली जात होते. चौतीस वर्षांचा असताना त्याच्याकडे ताकद होती, दाढी चिकटवली की त्या ताकदीतून बाप उभा राहायचा. आता दाढी खरीच पांढरी होती. तरी त्याने सोडलं नाही. टेबलापर्यंत चालत गेला, शेवटचं वाक्य म्हटलं आणि आईकडे वळला.

तिने डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिलं होतं. शोधलं होतं म्हणायला हवं. मग तिने हळूच मान हलवली.

“नाय, बाबा. त्याना म्हातारपन आलाच नाय. ह्यो तू चालतंस.”

गनीने मनात हिशेब केला. बाप त्रेपन्नाव्या वर्षी गेला. आपल्याला सत्तावन्न पूर्ण झाली. चार वर्षं झाली, आपण त्याला मागे टाकून पुढे निघून आलो, आणि वळून त्याच्यापर्यंत पोचायची जी एक वाट होती ती आपल्याच हाताने इतकी सफाईने मिटवली, की तिथे काही होतं असं कुणाला वाटतसुद्धा नाही. त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आई खुर्चीवरून उठली, त्याच्याजवळ आली, आणि दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला देतात तसा कोपराशी आधार देऊन तिने आपल्या मुलाला बसवलं.